नंतर या

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आत्या दिवसभर खिडकीशी बसायची. कडी वाजली की दार न उघडता विचारणार, "कोण? कोणाचा? कोणी धाडलं?" दुपारी अनोळखी माणूस आला तर ठरलेलं वाक्य, "घरात कोणी नाही, नंतर या." फिरता विक्रेता परत येत नसे. खरं काम असलेला चहाच्या वेळेला पुन्हा कडी वाजवी. आत्या गेली, वाड्याच्या जागी फ्लॅट आले. ती आमच्या विद्यापीठाच्या मेल सर्व्हरवर रुजू झाली आहे, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

पेपर तपासल्याचं मानधन सगळ्यांचं जमा झालं, माझं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मेल आला होता की! फॉर्म भरायचा होता. तारीख उलटून आठवडा झाला."

मी तडक संगणक केंद्रात. तिथला मुलगा आणंदचा, मराठीही गुजरातीच्या चालीवर बोलणारा. "सर, जुओ ने, हे तर क्वारंटाइनमध्ये पडलंय." म्हणजे संशयित मेलच्या कोठडीत. त्याने मेलचं हेडर उघडलं. फिल्टर प्रत्येक मेलला गुण देतो, पाच भरले की स्पॅम. माझ्या मानधनाला ७.४ होते. उभ्या आयुष्यात मी पासिंगच्या इतका वर कधी गेलो नव्हतो.

आरोपपत्र असं. विषयाची ओळ सगळी कॅपिटलमध्ये, वर तीन उद्गारचिन्हं. आत रक्कम, 'तातडीने', आणि बँक खात्याचा तपशील मागणारी लिंक. शिवाय परीक्षा विभागाने घाऊक मेल पाठवायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं. विद्यापीठाच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचे याची जाहीर यादी असते, तिला एसपीएफ म्हणतात. तिच्यात कंपनीचा सर्व्हर घालायला सगळे विसरले. थोडक्यात, कोणी धाडलं याचं उत्तर चुकलं.

"मग हा कसा आत आला?" मी मोबाइल पुढे केला. कुलगुरूंच्या नावाने कोणीतरी लिहिलं होतं : मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, जरा गिफ्ट कार्डं घेऊन ठेवता का? (आमचे कुलगुरू मला 'जरा' म्हणतील, इथेच मला शंका आली होती.) मुलगा म्हणाला, खातं फुकटचं पण खरं, म्हणून एसपीएफ पास, डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल, सही पास. लिंक नाही, जोडपत्र नाही, आरडाओरडा नाही. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या भामट्याला आत्यानेही एकदा लिंबू सरबत दिलं होतं.

"पण सर, मोठे गुण तर बेझचे आहेत." थॉमस बेझ हे इंग्लंडातले पाद्री. वारले १७६१ साली, त्यांचं संभाव्यतेचं गणित छापलं गेलं १७६३ साली. त्या गणिताने फिल्टर शब्द शिकतो : कोणते शब्द स्पॅममध्ये जास्त दिसतात, कोणते कामाच्या मेलमध्ये. आणि शिकवतं कोण? "तुम्हीच. आमच्याकडे प्रत्येक खात्याचं शिक्षण वेगळं." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. परीक्षा विभागाचं एकूणएक परिपत्रक मी दोन वर्षं 'स्पॅम' बटण दाबून उडवत होतो. डिलीटचं बटण कोपऱ्यात आहे हो, अंगठा पोचत नाही. परीक्षा, मूल्यमापन, मानधन, अंतिम तारीख हे शब्द म्हणजे उपद्रव, हे त्या बिचाऱ्या पाद्र्याला मी स्वतः पढवलं होतं.

मेल सोडवला, 'स्पॅम नाही' दाबलं, माफीचा अर्ज मेलने धाडला. उत्तर नाही. फोन केला तर परीक्षा विभागातून, "मेलवर काय बसलात? छापील अर्ज आणा, दोन प्रती."

भर दुपारी पोचलो. दारातल्या शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणत्या विभागाचे? कोणी पाठवलं?" सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब जागेवर नाहीत. नंतर या."

चहाच्या वेळेला मी पुन्हा गेलो.