ते 'शिल्पकला ग्रीकांनी सुरू केली' वालं फॉरवर्ड

परत फिरतोय तो मेसेज. शिल्पकला ग्रीकांनी सुरू केली, त्यांचे पांढरेशुभ्र पुतळे म्हणजे खरी कला, बाकी जगात नुसत्या पुजायच्या मूर्ती, आफ्रिकेत ओबडधोबड मुखवटे, आणि इस्लाममधे तर शिल्प हा प्रकारच नाही. एवढ्याशा मेसेजमधे इतकं चुकायलाही टॅलेंट लागतं.

'सुरू केली' मधे फार वेळ घालवत नाही. जर्मनीत सापडलेला, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला सिंहमानव ३५ हजार वर्षांहून जुना आहे. आणि ग्रीकांचे सुरुवातीचे कूरोस पुतळे, म्हणजे उभ्या तरुणांचे, बघा, डावा पाय पुढे, हात अंगालगत, मुठी आवळलेल्या, ही पोज इजिप्तवाले शेकडो वर्षं आधीपासून घडवत होते. पुढे ग्रीकांनी कमाल केली, मान्य, पण उचललं कुठून तेही लिहा ना.

आता पांढरेशुभ्र. अहो ते रंगवलेले असायचे, केस, डोळे, कपड्यांच्या किनारी, सगळं. अथेन्समधल्या पार्थेनॉन देवळाच्या शिल्पांवर निळ्या रंगाचे अंश २००९ मधे इन्फ्रारेडने दिसले, आणि गंमत म्हणजे हीच शिल्पं १९३० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधे पांढरी दिसावीत म्हणून घासली गेली होती, म्हणजे ज्या शुभ्रपणाला तुम्ही भुलताय त्यातला थोडा घासकामाचा आहे!

आणि पूजेचं म्हणाल तर अथेन्समधे सगळ्यात पवित्र मानलेली अथेना देवी म्हणजे फिडियास या नामवंत ग्रीक शिल्पकाराची सोन्या-हस्तिदंताची नव्हती, ऑलिव्हच्या लाकडाची एक जुनी मूर्ती होती, तिला उत्सवात नवं वस्त्र अर्पण करायचे. मग ही कला की मूर्तिपूजा? ठरवा एकदा.

आफ्रिकेचं वाचून तर डोकंच फिरतं. नायजेरियातल्या इफेची तांब्या-पितळेची मुंडकी गूगल करून बघा, साधारण १२ ते १५ व्या शतकातली, मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतून केलेली, इतकी हुबेहूब की १९१० मधे इफेची शिल्पं बघून फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने ती अटलांटिसवाल्या (दंतकथेतलं बुडालेलं बेट) ग्रीकांची म्हणून टाकली. आफ्रिकन माणसाने केली असतील हे पटेचना! तुमचा मेसेज तिथेच अडकलाय.

इस्लामबद्दल अर्धं खरं आहे, मशिदीत मूर्ती नसते. पण जेरिकोजवळच्या खिरबत अल-मफजर या ८ व्या शतकातल्या, उमय्यद खलिफांच्या काळातल्या महालात चुन्या-गिलाव्यात घडवलेले स्त्री-पुरुष सापडले, राजाचा पुतळासुद्धा, आणि स्पेनमधल्या अल्हंब्रा या मुस्लिम राजांच्या महालाच्या अंगणात कारंजं पाठीवर घेतलेले १२ दगडी सिंह आजही उभे आहेत.