कृपया घट्ट व्हा

माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या मफलरींच्या मागे, एक काळी, आखूड आणि अतिशय प्रामाणिक चड्डी ठेवलेली आहे. प्रामाणिक अशासाठी की ती काहीच लपवत नाही. परवा साफसफाईच्या भरात कामवाल्या मावशींनी ती बाहेर काढली, दोन बोटांत धरली आणि बायकोला विचारलं, "वहिनी, ही धाकट्याची का?" बायको वर न बघता म्हणाली, "नाही, साहेबांची." गेली नऊ वर्षं मावशी आमच्याकडे आहेत. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या मला चहा द्यायला आल्या नाहीत. कप ओट्यावर ठेवून गेल्या.

तेव्हा खुलासा करणं भाग आहे.

डिसेंबरात आम्ही तैवानला गेलो होतो. बेत साडूभाऊंचा. साडूभाऊ प्रवासाला निघण्याआधी त्या देशाचे चाळीसेक व्हिडिओ बघतात आणि मग तिथे पोचल्यावर, जणू आपण तिथेच लहानाचे मोठे झालो, अशा थाटात वागतात. तैपेईत डिसेंबरात पाऊस रिपरिपत असतो आणि मुंबईकराला स्वेटर घालावा लागेल इतपत थंडी असते. चौथ्या दिवशी साडूभाऊ म्हणाले, "आज बेईतो. गरम पाण्याचे झरे. मेट्रोनं अर्धा तास." मी विचारलं, पोहण्याचे कपडे लागतात का? "लागतात ना. तुमची ती दादरहून घेतलेली बर्मुडा आहे की. झकास चालेल. मी व्हिडिओ बघितलाय."

मेट्रोतली हकीकत थोडक्यात सांगतो. तैपेईच्या मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे. बंदी म्हणजे च्युइंगगम नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड 1,500 तैवानी डॉलरपासून सुरू होतो आणि 7,500 पर्यंत जातो. बायकोनं नेमकी तैपेई मेन स्टेशनच्या जिन्यावर आवळासुपारी तोंडात टाकली होती. डब्यात शिरताच समोरच्या बाईंनी तिच्या हलत्या गालाकडे बघून हळूच, अत्यंत प्रेमानं, मान हलवली. बायकोनं ती आवळासुपारी गालात दाबून धरली, ना चावली ना गिळली, ती थेट बेईतोपर्यंत. लग्नाच्या सव्वीस वर्षांत सलग पंचवीस मिनिटांची इतकी शांतता मी अनुभवली नव्हती. त्या बाईंचे आभार मानायला हवे होते.

पण हा तैपेईचा स्वभावच आहे. तिथे तुमच्यावर कुणी ओरडत नाही. तिथे तुम्हाला मदत करतात. नकाशा उघडला की कुणीतरी येतं आणि तुम्हाला जायचं असो-नसो, तिथे नेऊन सोडतं. ज्यूफेनला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर एका काकूंनी आमच्या मुलाचा दंड धरून त्याला रांगेत आमच्या मागून पुढे आणलं होतं. का, ते अजून कळलेलं नाही. या मदतीला नकार देण्याची सोय नाही. रागवावं तर समोरचा हसतोय, आणि हसावं तर आपण चुकलोय.

बेईतोला एक छोटी फाट्याची गाडी पकडून शिनबेईतोला उतरलं की नाकाला आधी कळतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत जो वास असतो, त्यात एक नासकं अंडं मिसळा. गंधक. बेईतो हे नावच तिथल्या मूळच्या केतागालान लोकांच्या 'चेटकीण' या अर्थाच्या शब्दावरून आलंय, आणि वरच्या अंगाला एका दरीत नव्वद अंशांच्या आसपासचं हिरवट पाणी वाफाळताना बघितलं की नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नाही हे पटतं. पूर्वी लोक त्यात अंडी उकडायचे, आता मनाई आहे. जपान्यांनी 1895 मध्ये तैवान घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी हिराता गेंगो नावाच्या ओसाकाच्या माणसानं इथे पहिलं स्नानाचं हॉटेल काढलं. 1913 मध्ये विटांचं एक देखणं सार्वजनिक स्नानगृह बांधलं गेलं. त्याचं 1998 पासून संग्रहालय आहे. ते आम्ही बघितलं. आत खांबांच्या मधोमध मोठा थोरला हौद आहे, कोरडा. शहाणा माणूस तो कोरडा हौद बघून परत फिरला असता.

बायको शहाणी. तिनं बाजूचं लाकडी ग्रंथालय बघितलं, त्याच्या मोठ्या खिडक्या बघितल्या, आतल्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या." मुलानं तिची री ओढली. साडूभाऊंना ऐन वेळी बीपी आठवलं. म्हणजे चाळीस व्हिडिओ त्यांनी बघायचे आणि पाण्यात मी जायचं.

गरम पाण्याच्या कुंडाचं मला अप्रूप नव्हतं. लहानपणी दर वर्षी वज्रेश्वरी-गणेशपुरीला जायचो. तिथे नियम एकच: आधी देवीचं दर्शन की आधी अंघोळ, यावरून आजी-आजोबांचं भांडण झालंच पाहिजे. बाकी पंचा गुंडाळा, "हाऽऽ" असा आवाज करत उतरा, आणि शेजारचा साबण लावायला लागला की तोंड फिरवा. पुढे दापोलीजवळ उन्हवरेलाही गेलोय. कुठेही, कधीही, कुणीही माझ्या चड्डीवर मत दिलेलं नाही.

त्या सार्वजनिक कुंडाचं नाव सांगत नाही. तिकीट काढलं, बर्मुडा घातली. गुडघ्यापर्यंत, निळी, वर नारळाची झाडं. आत गेलो. डोंगरउतारावर एकाखाली एक कुंडं, वाफ, आणि त्या वाफेत साठीच्या पुढची पंचवीस-तीस डोकी, चणे भिजत घातल्यासारखी. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि सगळी डोकी एकदम वळली. एकही शब्द नाही. मग मधल्या कुंडातून एक आजोबा उठले.

आजोबा ऐंशीचे तरी असतील. कृश, ताठ, अंगावर मूठभर कापड. हे तिथले कर्मचारी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. तिकीट काढून आलेले, माझ्यासारखेच. पण काही माणसं जन्मतःच सोसायटीचे सेक्रेटरी असतात, देश कुठलाही असो. ते आले, वाकले, आणि माझ्या नारळाच्या झाडांकडे डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तसं बघितलं. चिनीत काहीतरी म्हणाले. मी हसलो. ते हसले. मी पाण्याकडे सरकलो, ते आडवे आले. मग त्यांनी तिकीट देणाऱ्या बाईंना हाक मारली. बाई भाषांतराचं ॲप उघडलेला फोन घेऊन आल्या. आजोबांनी विचारलं, "इंडिया?" मी मान डोलावली. बाईंनी यादीत खाली, खाली, खाली जात काहीतरी शोधलं आणि भाषा माझ्यापुढे धरली. मी अभिमानानं 'मराठी'वर बोट ठेवलं. इंग्रजीवर ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. अभिजात दर्जाचा असा फटका फार कमी लोकांना बसला असेल.

आजोबा फोनमध्ये बोलले. फोनमधली बाई, बातम्या देतात त्या आवाजात, खणखणीत मराठीत म्हणाली:

"तुझी पँट मोठी आहे. ती सार्वजनिक पाणी पिते."

मी अवाक. आजोबा पुन्हा बोलले.

"कृपया घट्ट व्हा."

मुद्दा माझ्या लक्षात आला. सैल चड्डी चालत नाही, अंगाबरोबरची हवी. पण बावन्न वर्षांच्या माणसाला, पोट आत ओढून उभं असताना, मातृभाषेत "घट्ट व्हा" असं सांगितलं की आधी मुद्दा लक्षात येत नाही. मी फोनमध्ये शांतपणे म्हणालो, "आजोबा, ही पोहण्याचीच चड्डी आहे. नवीन आहे. दादरहून घेतलीय."

फोन चिनीत बोलला. क्षणभर शांतता. मग अख्खं कुंड हसलं. खालचं कुंडही हसलं. एक आजी तर हसता हसता बुडाल्या आणि त्यांना दोघींनी वर काढलं. तिकिटाच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि फोनला कळवळून काहीतरी सांगितलं.

"तुमचा मोठा भाऊ खूप जाड आहे का?"

मला मोठा भाऊ नाही. धाकटाही नाही. उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली: दादरहून घेतलेली चड्डी फोननं दादाकडून घेतलेली केली होती. म्हणजे समुद्र ओलांडून आलेला हा माणूस थोरल्या भावाची चड्डी मागून आणून घालतो, असं तिथे जाहीर झालं. मी खुलासा करायला गेलो, "दादर. दादर हे गाव आहे. म्हणजे गाव नाही, स्टेशन आहे." फोन बोलला. आजोबांनी समजूतदारपणे मान डोलावली.

"तुमचा भाऊ स्टेशनवर राहतो. जीवन कठीण आहे."

इथे मी हात टेकले. साडूभाऊ कुंपणापलीकडून हे सगळं बघत होते. म्हणाले, "बघा, शिस्त म्हणजे काय! आपल्याकडे आहे का असं?" आपल्याकडे नाही. आपल्याकडे परक्या माणसाच्या भावाची चौकशी चड्डीवरून करत नाहीत.

रस्त्यापलीकडच्या दुकानात पोहण्याचे कपडे टांगलेले होते. आजोबा टॉवेल पांघरून स्वतः फाटकापर्यंत आले आणि दुकानाकडे बोट दाखवत राहिले, मी पळून जाऊ नये म्हणून. दुकानदारीणबाईंनी माझ्या पोटाकडे एकदा बघून तीन एल लिहिलेली चड्डी काढली. तिथला तीन एल म्हणजे आपला शाळेतला आठवीचा गट. 320 डॉलर, म्हणजे आपले आठशेच्या वर. तिकिटापेक्षा चड्डी कितीतरी महाग. मला हे बोचतं ते पैशांमुळे नाही. म्हणजे पैशांमुळेही. पण नारळाच्या झाडांत मी गुडघ्यापर्यंत झाकलेला, सभ्य माणूस होतो. स्वच्छतेच्या नावाखाली मला अर्ध्याहून अधिक उघडं करून तीस अनोळखी माणसांसमोर आणलं, आणि त्याला म्हणायचं शिस्त.

परत आलो तेव्हा मात्र स्वागत झालं. आजोबांनी दोन्ही अंगठे वर केले. मग शिकवणी सुरू झाली. आधी अंगावर पाणी घ्या. पुन्हा घ्या. मानेवर राहिलं. मी काठावर बसून पाय सोडले तर फोनवाल्या बाई पुन्हा धावत आल्या: "तुम्ही फक्त पाय आहात का? पूर्ण व्यक्ती आत या." पूर्ण व्यक्ती आत गेली. पाणी हिरवट, लिंबाच्या रसाइतकं आंबट, डोळ्यांत गेलं तर देव आठवावा असं. इथल्या पाण्यात बनणाऱ्या एका किंचित किरणोत्सारी दगडाला बेईतोच्या जपानी उच्चारावरून होकुतोलाइट हे नाव आहे, हे संग्रहालयात वाचून मी "वा!" म्हणालो होतो. त्यात मानेपर्यंत बसल्यावर "वा" निघत नाही. पाच मिनिटांनी उठायला लागलो, आजोबांनी दोन बोटं दाखवली. अजून दोन मिनिटं. नंतर पुन्हा दोन बोटं.

आणि तेवढ्यात एक उंच गोरा तरुण आला. सैल, ढगळ, मांडीच्या खालपर्यंत आलेली चड्डी. आता बघू, म्हटलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. तो पायऱ्या उतरला, पाण्यात शिरला, डोळे मिटून बसला. कुणी उठलं नाही. डोकी वळली नाहीत. मी आजोबांना कोपरानं ढोसलं, त्या चड्डीकडे बोट दाखवलं, "पाणी पिते" अशी खूणही केली. आजोबांनी तिकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्यापुढे दोन बोटं धरली.

कदाचित त्यांना तो नीट दिसला नसेल. वाफ होती. कदाचित त्या चड्डीच्या आत दुसरी असेल. बायको म्हणते, एका दिवसात एकालाच सुधारायचं असा त्यांचा नेम असेल. मी एवढंच म्हणतो की वाफ मी आलो तेव्हाही होती.

बाहेर आलो तर बोटातली, ज्योतिषांनी दिलेली चांदीतली मोत्याची अंगठी कोळशासारखी काळी पडलेली. बायकोनं ती बघितली, चड्डीची पिशवी बघितली आणि शांतपणे विचारलं, "छान वाटलं का?" निघताना आजोबा फाटकाशी आले. फोनवाल्या बाई शेजारी हजर.

"पुढच्या वेळी भावालाही आणा. त्याच्यासाठी मोठी मिळेल."

हे सगळं मी विसरलोही असतो. पण तैवानात 1951 पासून एक योजना आहे: दुकानाच्या छापील सरकारी पावतीवर लॉटरीचा नंबर असतो, दर विषम महिन्याच्या 25 तारखेला सोडत निघते आणि सगळ्यात मोठं बक्षीस एक कोटी डॉलरचं असतं. साडूभाऊंनी हे अर्थातच व्हिडिओत बघितलं होतं. दहा दिवस त्यांनी सगळ्यांच्या पावत्या गोळा केल्या, चहाच्या, बसस्टँडवरच्या शेंगदाण्याच्या, आणि 25 जानेवारीपासून ते चष्मा लावून बसलेत. काल रात्री साडेदहाला फोन आला.

"अहो, अभिनंदन! तुमची चड्डी लागली!"

शेवटचे तीन आकडे जुळले होते. 200 डॉलर. ते तैवानात जाऊनच घ्यायचे, 6 फेब्रुवारीपासून तीन महिन्यांत. मी म्हटलं, राहू द्या. पण साडूभाऊ हक्काचा पैसा सोडणाऱ्यातले नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा मार्चमध्ये कंपनीच्या कामासाठी तिकडे जातोय, त्याच्याकडे पावती पाठवणार आहेत. पाठवा, म्हटलं, फक्त कशाची ते त्याला सांगू नका.

"त्याची गरजच नाही," साडूभाऊ म्हणाले. "पावतीवर छापलंय सगळं, साइजसकट. त्याला चिनी उत्तम येतं."