नदीला हक्क म्हणजे खूळ? आधी सातबारा काढा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांत तीनदा एकच मेसेज फिरायलाय. शेवटी काकांनी पण पाठवला म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: ‘नदी-झाडांना हक्क द्या म्हणणारे खुळे आहेत. जो कर्तव्य पाळतो त्यालाच हक्क. सीनेला हक्क देणार असाल तर पुराची भरपाई पण सीनेकडनंच घ्या. हे सगळं परदेशी फॅड आहे. एका माळढोकापायी आमचा शेतकरी भरडला तेवढं बास.’ (सीना ही आमच्या सोलापूरकडची नदी, माळढोक हा उघड्या माळावरचा दुर्मिळ पक्षी.)

काका, पहिल्या मुद्द्यासाठी गावाकडचे चार सातबारे काढा. बाप लवकर गेला की पोराचं नाव चढतं आणि तिथं अ.पा.क. असा शेरा येतो, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन पोराचा पालक, आई नाहीतर चुलता. पोरगं तीन वर्षांचं, त्याला सही येत नाही, शेतसारा म्हणजे काय ते माहीत नाही, तरी जमीन त्याचीच आणि चुलत्यानं परस्पर विकली तर पोराच्या नावानं कोर्टात जाता येतं. कर्तव्य कुठाय इथं? देवाचं पण तेच. देवस्थान इनामाच्या जमिनीला देवाचं नाव असतं. मूर्ती कायद्यानं व्यक्ती असते हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, 1925 सालीच म्हणलंय, आणि 2019 ला अयोध्येचा निकाल लागला त्यात रामलल्ला स्वतः पक्षकार होते, तेव्हा ग्रुपवर कुणी विचारलं नव्हतं की मूर्ती कोर्टात कशी बोलणार म्हणून. नदीचे हक्क म्हणजे फार काही नाही, नदीच्या नावापुढं पण एक पालनकर्ता लावा एवढंच मागणं आहे.

पुराच्या भरपाईचा टोमणा मात्र वाटतो तेवढा फालतू नाही. 20 मार्च 2017 ला उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवलं, तर तिथलं सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं आणि पुरात नुकसान झालं तर जबाबदार कोण, हाही प्रश्न त्यांनी मांडला, आणि जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. म्हणजे आपल्या देशात हे प्रकरण तिथंच अडकलं, हे मान्य करायला मला लाज नाही. पण तीन वर्षांच्या पोरानं शेजारच्याची काच फोडली म्हणून सातबाऱ्यावरनं त्याचं नाव कमी करतो का आपण? 2025 च्या सप्टेंबरात सीना गावात शिरली तेव्हा पाऊस बेफाम होता हे खरंच, पण नदीला पसरायला जी जागा लागते तिथं भराव टाकताना, बांधकाम करताना, वाळू उपसताना तिच्या बाजूनं उभं राहायला कुणी नसतं. पूर आला की मग सगळ्यांना नदीचं कर्तव्य आठवतं.

परदेशी फॅडचं म्हणाल तर इक्वेडोरनं 2008 ला निसर्गाचे हक्क घटनेतच घातले, आणि 2021 ला तिथल्या घटना न्यायालयानं लोस सेद्रोस नावाच्या जंगलातलं खाणकाम त्याच कलमांवर थांबवलं. न्यूझीलंडची वांगानुई नदी 2017 ला कायद्यानं व्यक्ती झाली, पण त्यामागं तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं भांडण 1870 च्या दशकापासनंचं, कारण त्यांच्या लेखी ती नदी पूर्वज आहे. आपण चंद्रभागेला आई म्हणतो की. मग फॅड कुणाचं झालं?

आता माळढोक. इथं मेसेजवाल्याचं निम्मं खरंय. 1979 ला सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य झालं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरून, नकाशावर रेघ मारली आणि त्यात गावंच्या गावं आली, लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करताना नाकीनऊ आले, पुढं कितीतरी वर्षांनी ते कमी करून साधारण बाराशेवर आणलं. हा राग खोटा नाही. पण ही चूक रेघ मारणाऱ्याची की त्या पक्ष्याची? तो बिचारा उघड्या माळावर जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच, टोळ-किडे खातो, म्हणजे पिकाचं उलट भलंच. आणि आपण माळाला कागदावर ‘पडीक’ लिहून मोकळे, नाहीतर लै पर्यावरणप्रेम आलं की तिथं खड्डे मारून झाडं लावतो, जे त्याला अजिबात चालत नाही कारण लांबपर्यंत दिसायला लागतं त्याला. काळवीट, लांडगा त्याच गवताळ माळावर जगतात. त्याच अभयारण्यातल्या नान्नजला आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते, यावरनं काय ते समजा.

खरं तर या कल्पनेची खरी अडचण मेसेजवाल्याला सुचलीच नाही. उत्तराखंडात नदीचे पालक म्हणून नेमले कोण, तर मुख्य सचिव, महाधिवक्ता असले सरकारी लोकच. वांगानुईचे पालक दोन, एक सरकारचा आणि एक नदीकाठच्या माओरींचा. आपल्याकडं वाळूचा लिलाव सरकार काढतं, तेच सीनेचं पालनकर्ता झालं तर ते जमीन विकणाऱ्या चुलत्याला अ.पा.क. केल्यासारखं व्हायचं. काकांना मी हेच विचारलंय, निदान एक पालक काठावरच्या गावांतनं निवडायचा तर कसा निवडायचा? दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.