बुक चुकेल काय, मामा?

आज सकाळी खानापूरहून भाचा आला. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पिशवीत दोन शर्ट आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं 900 पानी पुस्तक, 700 रुपयांचं. "दोन दिस झाले मामा, पहिलाच प्रोग्रॅम चालंना."

बघतो तर प्रिंटपुढं, म्हणजे स्क्रीनवर छापायच्या हुकुमापुढं, कंसच नाहीत. नव्या पायथन 3 ला ते लागतातच. पायथन 2 चं पुस्तक! अरे, पायथन 3 आलं 2008 साली. 1 जानेवारी 2020 पासून जुन्याची देखभालसुद्धा बंद. आणि आमच्याकडं अजून तेच खपवतात, वर 'लेटेस्ट एडिशन'चा स्टिकर. आतलं पान उघडलं, 2011.

दुकानदारावर चिडलोच. पण त्याला काय, त्याला कुंद्याची मिठाई आणि पुस्तक सारखंच, वजनावर विकायचं. मला लागलं ते दुसरंच. कंस राहिलेत हे एररमध्ये स्पष्ट लिहून येत होतं. पोरानं वाचलंही होतं. तरी घातले नाहीत. का, तर म्हणे, "बुकात नाहीत की. बुक चुकेल काय, मामा?"

काय बोलणार? छापलेल्या कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण.

आणि मी तरी कुठला शहाणा? सी भाषेचे प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर टर्बो सी, त्याचा तो निळा स्क्रीन, क्लासचं गाईड, प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं 'व्हॉइड मेन' श्लोकासारखं पाठ. पुण्यात पहिल्या नोकरीत लिनक्सवर तेच टाइप केलं, तर टर्बो सीसोबत येणारी 'कोनिओ डॉट एच' अशी फाइलच नाही म्हणाला. मीसुद्धा तेव्हा मशीनच बिघडलंय समजलो होतो! शेजारच्या सिनियरनं हसत कर्निगन-रिचींचं सीचं पुस्तक हातात दिलं. पावणेतीनशेच्या आतबाहेर पानं. सी ज्यानं घडवली त्या रिचींनीच लिहिलेलं, छोटी छोटी वाक्यं, माझ्यासारख्या मराठी शाळेतल्यालाही कळतील अशी. पहिल्याच प्रकरणात एक गणित: दिलेल्या मजकुरातल्या शब्दांच्या लांबीचा आलेख काढा. उत्तर मागं छापलेलं नाही. चार रात्री गेल्या. क्लासच्या अख्ख्या वर्षापेक्षा त्या चार रात्रींत जास्त शिकलो.

मान्य, ते अगदी कोऱ्या पाटीवाल्यासाठी नाही, प्रस्तावनेतच तसं सांगितलंय. गाईडनं पेपर सुटतो, तेही मान्य. पण पेपर सुटल्यावर पुढं काय?

तुमच्या पोरांसोबत दुकानात जाल तेव्हा जाडी बघू नका हो. आधी साल बघा, कुठल्या व्हर्जनचं आहे ते बघा. मधलं एखादं पान पोराला तिथंच मोठ्यानं वाचायला लावा. अडखळला तर ठेवून द्या. धड्याच्या शेवटी 'व्याख्या लिहा' असेल तरी ठेवून द्या, करून बघायला काहीतरी पाहिजे. आणि 700 रुपये कशाला? अॅलन डाउनींचं 'थिंक पायथन' नेटवर फुकट आहे, लेखकानंच ठेवलंय. अक्काला हे सांगितलं तर म्हणाली, फुकटचं चांगलं कसं असंल? घ्या!

असो. दुपारी जेवून दोघं बसलो. कंस घातले, चाललं. मग म्हटलं, मराठीत लिही. त्यानं लिहिलं, "आज्जी, जेवलीस काय?" जुन्या पायथनमध्ये असं सरळ लिहिलं असतं तर रुसून बसलं असतं, यात उमटलं. आईला हाक मारून आणली. चष्मा पुसून तिनं दोनदा वाचलं आणि स्क्रीनलाच उत्तर दिलं, "जेवली रे बाळा." माझा सकाळचा राग तिथंच निम्मा उतरला.

मग त्याला तेच माझं जुनं गणित दिलं, शब्दांची लांबी. आधी एकच शब्द मोजून बघ म्हटलं. त्यानं टाकला 'बेळगाव'. उत्तर आलं 6.

बोटावर मोजलं त्यानं, बे, ळ, गा, व. परत मोजलं. आता पुस्तकाकडं बघेल असं वाटलं, पण नाही, वळून माझ्याकडं बघितलं. "चारच की मामा. ह्ये सहा का सांगूलंय?"

म्हटलं, मात्रा आणि काना सुटे करून लिही बघू कागदावर. पेन शोधायला गेलाय.