नेट पास म्हणजे ३७ हजार पक्के? थोडं थांबा

‘नेट पास झालात की पीएचडीला प्रवेश, गाईड आणि महिना ३७ हजार’ हा मेसेज सध्या फिरतोय. (नेट म्हणजे यूजीसीची, अर्थात विद्यापीठ अनुदान आयोगाची, राष्ट्रीय पात्रता परीक्षा.) गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. ३७ हजारांची फेलोशिप फक्त जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या) गटाला मिळते, तीही विद्यापीठात पीएचडीला प्रवेश पक्का झाल्यावरच. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होतं आणि मग ४२ हजार. भाचीच्या निकालावर ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असा शेरा होता. घरी पेढे वाटून झाल्यावर तो नीट वाचला! या गटाला नेटमुळे एक रुपयाही मिळत नाही. शिवाय हे गुण वर्षभरच चालतात आणि प्रवेशाच्या यादीत नेटच्या गुणांना ७० टक्केच वजन, मुलाखतीचे ३० टक्के वेगळेच.

गाईडचं म्हणाल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेले नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. म्हणून फॉर्म भरण्याआधी विभागात जागा विचारा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा टाका.