भिंग पुन्हा तिरकंच!

तिसऱ्यांदा! बाबांचं रोलेक्स मुंबईच्या दुरुस्तीवाल्याकडून काच बदलून रत्नागिरीला आलं आणि काचेलाच चिकटवलेलं तारखेवरचं भिंग अजून वाकडंच. तारीख २.५ पट मोठी दिसावी म्हणून ते भिंग; इथे २८ मधला ८ कडेला चिकटलाय, भिंगाची वरची कड केसभर उजवीकडे कललीय. म्हणे, “एवढं चालतं हो!” का चालावं? काच दाबण्याआधी जरा फिरवून बघायची, एवढाही धीर नाही? शिवाय दरवेळी घड्याळ उघडायचं म्हणजे गास्केटची, पाणी-दमट हवा आत येऊ न देणाऱ्या त्या बारीक कडीची, काळजी, आणि आमची हवा ही अशी खारी, पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. आत दमटपणा शिरला तर जबाबदार कोण? बाबा रोज सकाळी मनगट डोळ्यांजवळ नेतात, तारीख बघतात, बोलत काहीच नाहीत. तेच सहन होत नाही मला.