‘दर तिसरा विद्यार्थी मोबाईलच्या आहारी’: हा आकडा येतो कुठून?

ही बातमी वर्षातून चार-दोनदा छापून येतेच. शहर बदलतं, टक्का बदलतो, फोटो मात्र ठरलेला: अंधारात बसलेला मुलगा आणि तोंडावर मोबाईलचा निळा उजेड. आकडा कुणी मनाने रचलेला नसतो. पण मथळा तो ज्याचा म्हणून छापतो, त्याचा तो नसतो.

अशा कित्येक पाहण्यांच्या मुळाशी किंबर्ली यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंची 20 प्रश्नांची चाचणी असते. 1996 मध्ये त्यांनी हा विषय मांडला तेव्हा निकष घेतले होते जुगाराच्या व्यसनावरून. चाचणीत प्रत्येक उत्तराला जास्तीत जास्त 5 गुण, एकूण 100. एक प्रश्न साधारण असा: हातातलं काम सोडून आधी ईमेल बघता का? डायल-अपच्या काळात तो विचारण्यात अर्थ होता. आज गृहपाठ आणि परीक्षेचं वेळापत्रकच व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. मोबाईल आधी बघणाऱ्या पोराने ‘नेहमी’वर खूण केली की झाले 5 गुण.

गुणांवरून सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या पाडतात. प्रेसनोटमध्ये अनेकदा तिन्हींची बेरीज दिलेली असते आणि मथळा होईपर्यंत सगळेच ‘व्यसनाधीन’ झालेले असतात.

आता थोडं गणित. समजा, एका शाळेत 1000 मुलं आहेत आणि त्यातल्या 30 जणांना खरोखर उपचारांची गरज आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक धरू, म्हणजे बरीच चांगली. त्या 30 पैकी 27 जण सापडतील. उरलेल्या 970 मधले 10 टक्के, म्हणजे 97 जण, उगाच अडकतील. एकूण 124. बातमी होणार ‘12 टक्के मुलं व्यसनाधीन’, आणि त्या 124 मधल्या दर पाचातल्या जवळपास चौघांना काहीच झालेलं नसेल. यात चाचणीचा दोष नाही. पुढे तपासायला कुणाला बोलवायचं, एवढंच तिने सांगायचं असतं. निदान त्यानंतर, समोर बसवून, तासभर बोलून होतं.

निदानाचे निकष तर बातमीत जवळपास कधीच नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ (व्हिडिओ गेमचं व्यसन) आहे, सरसकट ‘इंटरनेटचं व्यसन’ नाही. त्याचे निकष असे: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ, नुकसान दिसत असूनही तो चालूच. आणि यामुळे घर, शिक्षण किंवा काम खरोखर कोलमडणं, तेही साधारण 12 महिने. या निकषांत तासांचा आकडा कुठेच नाही. आपल्याकडे मथळा मात्र तासांवरच उभा असतो.

आत्महत्येच्या बातम्यांत हे सगळ्यात महागात पडतं. 2017 ची ‘ब्लू व्हेल’ची, म्हणजे मुलांना आत्महत्येपर्यंत नेणारा म्हणून गाजलेल्या ऑनलाईन खेळाची लाट आठवा. एकामागून एक मृत्यू त्या खेळाच्या नावावर टाकले गेले. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की तपास समितीला एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध आढळला नाही. मूळ बातम्या पहिल्या पानावर होत्या. हे उत्तर किती जणांच्या वाचनात आलं? एका मृत्यूला एकच कारण चिकटवलं की नैराश्य, मारहाण, परीक्षेची धास्ती यांची चौकशीच थांबते. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, तरी ‘मोबाईलने घेतला बळी’ छापून येतंच.

त्या मानाने सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावची 2022 ची बातमी बरी होती. संध्याकाळी 7 ला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. गावाने काय केलं हे त्यातून कळत होतं. कुणाला रोगी ठरवायची गरज पडली नाही.

बातमीदार मित्रांनो, प्रेसनोट हातात पडली की एक फोन करा. कोणती प्रश्नावली? किती गुणांच्या वर ‘व्यसन’ धरलं? तीव्र गटात किती जण? नमुना कसा निवडला? (गूगल फॉर्म इन्स्टाग्रामवर फिरवला असेल तर तो भरणारे मुळातच इन्स्टाग्रामवर पडीक असणार ना!) झोप, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) यांची विचारपूस झाली का? उत्तरं मिळाली नाहीत तर मथळ्यात टक्का नको. ‘इतक्या मुलांनी प्रश्नावली भरली’ एवढंच लिहा. आणि वाचलेल्या जागेत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक टाका: 14416.